प्री-सिक्स्टीफोर म्हणजे नक्की काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात पेनसिल्वेनियातल्या हरणांच्या सीझनबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकून गेलो होतो, की माझी जुनी विंचेस्टर मॉडेल ७० रायफल कपाटात असते आणि जंगलात मी तिची धाकटी बहीण नेतो. बास, त्या एका वाक्यावर एवढ्या मेल आल्या की संपादक म्हणाले आता पूर्ण सदरच यावर करा. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत, बाकी जशी आली तशी.

प्रश्न (पिट्सबर्गजवळून एक वाचक): सर, आमच्या शेजारचे आजोबा, वय ८४, घर विकून फ्लोरिडाला मुलीकडे चाललेत. त्यांच्याकडे दोन मॉडेल ७० आहेत, दोन्ही .३०-०६ काडतुसाच्या. एक १९५३ ची, दुसरीचा नंबर इंग्रजी 'G' अक्षराने सुरू होतो. म्हणतात जुनी हवी तर दुसरीच्या दुप्पट पैसे दे, कारण ती प्री-सिक्स्टीफोर, म्हणजे १९६४ च्या आधीची आहे. दुकानात नवी फेदरवेटही (मॉडेल ७० चाच हलका प्रकार) बघितली, तीही छान वाटली. मी दोन वर्षं मित्राची रायफल घेऊन जातोय, आता स्वतःची हवी. तिन्हीत कुठली घेऊ? बायको म्हणते एकच घ्यायची.

उत्तर: वहिनींचं बरोबर आहे, पहिली एकच घ्या. दुसरी आपोआप येते, तो अनुभव आहे.

आधी थोडा इतिहास, कारण दुप्पट भावाचं सगळं कारण तिथेच आहे. मॉडेल ७० कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात १९३६ ला बनायला लागली. तिच्या आधीची मॉडेल ५४ ही १९२५ ची, तिच्यासोबतच .२७० हे काडतूस बाजारात आलं होतं. ५४ मध्ये एक गोची होती, सेफ्टीचा खटका उभा फिरायचा त्यामुळे दुर्बीण खाली बसवता यायची नाही, आणि ट्रिगरबद्दलही लोक कुरकुरायचे. ७० मध्ये हे दोन्ही सुधारलं आणि ही रायफल जी चालली ती चाललीच. १९६३ पर्यंत पाच लाख ऐंशी हजारांच्या आसपास नंबर पडले होते. मासिकात .२७० चा प्रचार करणारे जॅक ओ'कॉनर आयुष्यभर हीच घेऊन हिंडले, आणि व्हिएतनाममध्ये मरीन कोअरचा स्नायपर कार्लोस हॅथकॉक याच्याही हातात .३०-०६ मधली हीच होती.

मग १९६४ ला काय झालं? सोप्या भाषेत सांगायचं तर मजुरी परवडेना. जुन्या रायफलीचा प्रत्येक भाग मशिनवर कोरून काढायचा, मग कारागीर हाताने बसवायचा, दस्त्यावरची जाळीची नक्षीसुद्धा हाताने कापायची. समोर रेमिंग्टनने १९४८ ला मॉडेल ७२१ आणली होती, तिचा रिसीव्हर (रायफलीचा मधला सांगाडा) म्हणजे सरळ गोल नळकांडं, लेथवर फिरवलं की झालं, आणि १९६२ ला तिचीच सुधारलेली ७०० आली. स्वस्त, वर नेमही चोख. विंचेस्टरवाल्यांनी मग रायफल नव्याने आखली, खर्च वाचेल अशी. बोल्ट (काडतूस पुढे ढकलून नळी बंद करणारा दांडा) बदलला, एक्स्ट्रॅक्टर (काडतूस पकडून मागे ओढणारा भाग) बदलला, नक्षी कापायच्या ऐवजी गरम ठसा दाबून उमटवली (ती बघितली की मला लग्नाच्या पत्रिकेवरचा उठावदार गणपती आठवतो), आणि नळी व लाकूड यांच्यात एवढी फट सोडली की बोट नाही पण जाड पुठ्ठा आरामात जाईल. लोक खवळले. नुसती कुरकुर नाही, चक्क जुन्या रायफलींचे भाव रातोरात वर गेले आणि 'प्री-सिक्स्टीफोर' हा शब्द तेव्हापासून चिकटला तो आजपर्यंत.

आता खरा फरक. मी परवा रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून माझ्या दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या, डमी काडतुसं घेतली (खरी नाहीत, घरात खरी काडतुसं भरून बोल्टशी खेळायचं नाही, कधीच नाही) आणि बघत बसलो. जुनीचा बोल्ट हळू पुढे ढकलला की मॅगझिनमधून काडतूस वर येतं, आणि वर येता येताच त्याच्या बुडाची कडा बोल्टच्या बाजूच्या लांब पोलादी पंजाखाली सरकते. पंजा म्हणजे जवळपास बोटाएवढी लांब पट्टी, जर्मन माउझर रायफलीवरून घेतलेली. एकदा कडा पंजात गेली की काडतूस बोल्टचं झालं, मी रायफल उलटी केली तरी पडलं नाही. मागे ओढलं तर मागे येतं, सोबतच. याला कंट्रोल्ड फीड म्हणतात.

दुसरीत, म्हणजे ६४ नंतरच्या रायफलीत, बोल्ट काडतुसाला नुसता ढकलतो. पकडतो कधी? शेवटी, बोल्ट पूर्ण बंद होताना छोटासा एक्स्ट्रॅक्टर कडेवर खटकन बसतो तेव्हा. म्हणजे मधल्या वेळात काडतूस मोकळंच असतं. आता समजा तुम्ही घाईत बोल्ट अर्धाच पुढे नेला, काडतूस नळीत शिरलं पण पकडलं गेलं नाही, आणि हात थरथरला म्हणून बोल्ट मागे ओढून परत ढकललात, तर मॅगझिनमधून दुसरं काडतूस येतं आणि पहिल्याच्या बुडावर आपटतं. दोघं अडकतात, दारात एक म्हैस आडवी उभी आहे आणि मागून दुसरी घुसतेय तसं. हे होऊ नये म्हणून पंजा.

पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं रिकामं काडतूस, बाहेर पडायचीही गंमत वेगळी आहे. जुनीत रिसीव्हरमध्ये एक पातं असतं, बोल्ट मागे येऊन पुंगळी त्या पात्यावर आपटली की उडते. तुम्ही हळू ओढलंत तर हळूच हातात पडते, जोरात ओढलंत तर दोन हात लांब. ६४ नंतरचीत बोल्टच्या तोंडात स्प्रिंगचा दट्ट्या आहे, तो प्रत्येक वेळी सारख्याच जोराने फेकतो, मग रेंजवर गवतात वाकून पुंगळ्या शोधत बसा. ज्यांना पुंगळ्या परत भरायच्या असतात त्यांना जुनी आवडते यात नवल नाही.

पण एक बाजू सांगून थांबलो तर अन्याय होईल. ६४ च्या बोल्टचं तोंड खोलगट आहे, काडतुसाचं बूड सगळ्या बाजूंनी पोलादात बसतं. जुनीचं तसं नाही, तिच्या नळीचं तोंड उतरतं आहे, अमेरिकी लष्कराच्या स्प्रिंगफिल्ड १९०३ रायफलीसारखं, त्यामुळे काडतूस आत सरकतं अगदी लोण्यासारखं, पण पुंगळी फुटलीच तर गॅस अडवायला ६४ नंतरचीच बरी. आणि नेम? माझी 'G' नंबरवाली १९७० च्या दशकातली आहे, १०० यार्डांवर ती जुनीपेक्षा घट्ट गोळ्या टाकते. कबूल करायला मला पाच वर्षं लागली.

त्यात तुमच्या आजोबांची दुसरी रायफल 'G' नंबरची, म्हणजे १९६८ नंतरची. पहिली तीन-चार वर्षं जी शिव्या पडल्या त्यातून कंपनी शिकली होती, ६८ ला बोल्टला एक खाच दिली ज्याने तो डगमगत नाही, अडकत नाही, आणि पुढे ७० च्या दशकात नक्षीही परत कापलेली आली. लोक 'पोस्ट-६४' म्हणून सगळ्यांना एकाच ढिगात टाकतात ते मला पटत नाही. ६५ सालची आणि ७५ सालची हातात घेऊन बघा, डोळे मिटूनही कळेल.

तसंच 'प्री-६४' हाही एकच माल नाही. युद्धाआधीच्या वेगळ्या, ४० च्या शेवटापासून ५० च्या मध्यापर्यंतच्या वेगळ्या, आणि ६० ते ६३ च्या शेवटच्या काळातल्या बऱ्याच रायफली घाईत केलेल्या दिसतात, मशिनं झिजली होती असं जाणकार सांगतात. तुमच्या आजोबांची १९५३ ची म्हणजे चांगल्या काळातली, हे मान्य.

तर कुठली घ्यायची? तुम्ही व्हाइटटेल हरणावर सीझनला एक, फार तर दोन गोळ्या झाडणार. १५० ग्रेन वजनाची गोळी, सेकंदाला २९०० फुटांच्या आसपास, ६०-७० यार्डांवर झाडीत. त्या हरणाला पंजा आणि दट्ट्या यातला फरक कळणार नाही, तुम्हालाही त्या क्षणी कळणार नाही. पंजाचं खरं काम अलास्कातलं तपकिरी अस्वल किंवा आफ्रिकेतली रानम्हैस, जिथे दुसरी गोळी अडकली तर विषय संपला. .३७५ मधली मॉडेल ७० तिकडे नाव कमावून आहे ती त्यामुळेच. म्हणून माझं मत (दुकानातल्या नव्या फेदरवेटबद्दल खाली मडगावच्या उत्तरात वाचा): 'G' वाली घ्या, वाचलेल्या पैशात चांगली दुर्बीण घ्या आणि उरलेल्या पैशांची काडतुसं, उन्हाळाभर रेंजवर जाऊन झाडा. पण आजोबांची जुनी कुणीच हात न लावलेली, मूळ रूपातली असेल, आणि ती हातात घेतल्यावर तुमचा जीव अडकला असेल, तर मी काय बोलणार. माझाही अडकला होता. फक्त तेव्हा हरणासाठी घेतोय असं वहिनींना सांगू नका.

व्यवहार कसाही ठरला तरी दुकानदारामार्फत करा. पेनसिल्वेनियात दोन माणसांत लांब बंदुकीचा व्यवहार थेटही होतो, पण दुकानात फॉर्म ४४७३ भरला की तपासणी होते, कागद राहतो, दोघांनाही रात्री झोप लागते. आणि तुम्ही ग्रीन कार्डवर आहात का एच-वनवर ते लिहिलं नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्न नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे, त्यात जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे चालू शिकारीचं लायसन. ते लायसन खिशात नसताना मित्राची रायफल हातात घेणंही महागात पडू शकतं, तेव्हा आधी वकिलाला विचारा, मग आजोबांना.

प्रश्न (ह्यूस्टन): गन शोमध्ये एक जण प्री-६४ म्हणून रायफल विकत होता, मला शंका आली म्हणून घेतली नाही. ओळखायची कशी?

उत्तर: घेतली नाहीत ते छान केलंत. नंबर बघा: ५,८१,४७१ पर्यंत जुनी, ७,००,००० पासून पुढे ६४ नंतरची, मधले नंबर वापरलेच नाहीत. मग बोल्ट उघडून तो लांब पंजा बघा. पण सावध, १९९० च्या दशकात कंपनीने 'क्लासिक' नावाने पंजा परत आणला, त्यामुळे नुसता पंजा दिसला म्हणजे जुनी असं नाही. विकणारा लाकूड काढू देत असेल तर नळीच्या खालच्या बाजूला वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात, ५२, ५६ असे, रिसीव्हर आणि नळी एका काळातले आहेत का ते तिथे कळतं.

पण खरी फसवणूक खोट्या प्री-६४ ची नसते, ती असते खऱ्या प्री-६४ ची, जिला कुणीतरी 'सुधारली' आहे. मीच ठेच खाल्लीय. माझी पहिली जुनी मी एका दुकानातून घेतली, काळीभोर चकाचक, लाकूड आरशासारखं. घरी येऊन दिव्याखाली बघतो तर नळीवरच्या अक्षरांच्या कडा विरघळलेल्या, म्हणजे घासून परत काळं केलेलं. रिसीव्हरवर दुर्बिणीच्या भोकांशेजारी दोन जास्तीची भोकं, बुजवून वर रंग. मागचा दस्ता कापून रबराचं पॅड बसवलेलं, आणि स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या. संग्राहकाच्या हिशोबाने निम्मी किंमत तिथेच गेली. दुकानदार खोटं बोलला नव्हता हो, मी विचारलंच नव्हतं.

अजून एक, मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या काडतुसाची जुनी बघत असाल तर चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) कुणी वाढवलंय का ते बघून घ्या. .३०० एच अँड एच काडतुसाच्या किती रायफली पुढे .३०० वेदरबी काडतुसासाठी बदलल्या गेल्या याला गणती नाही, आणि नळीवर कधीकधी जुनंच नाव राहतं. गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून मोजून घ्यायचा, मगच पहिली गोळी.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी, एक भगिनी): माझ्या मिस्टरांनी मॉडेल ७० घेतली, म्हणतात सेफ्टी तीन पोझिशनची आहे, एकदम सेफ. आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. मला ते 'एकदम सेफ' ऐकून धस्स होतं. खरंच पुरेसं आहे का?

उत्तर: ताई, धस्स होतंय ते योग्यच आहे. सेफ्टी चांगली आहे, पण ती कुलूप नाही.

कशी चालते ते सांगतो, तुम्हीही शिकून घ्या, फक्त मिस्टरांनाच माहीत असून उपयोग नाही. बोल्टच्या मागच्या टोकाला उजवीकडे एक पंखासारखा खटका आहे, आडवा फिरतो. पूर्ण मागे: फायरिंग पिन (काडतुसावर आपटून गोळी सोडणारी सुई) अडकली आणि बोल्टही बंद, उघडणार नाही. मधोमध: पिन अडकलेली, पण बोल्ट उघडतो, म्हणजे काडतुसं काढताना ट्रिगर चुकून दाबला तरी गोळी सुटत नाही. पूर्ण पुढे: आता रायफल तयार आहे. या मधल्या पोझिशनसाठी लोक ही रायफल डोक्यावर घेतात, आणि इथे मीही त्यांच्यात आहे, कारण बऱ्याच रायफलींमध्ये काडतुसं काढायची तर सेफ्टी सोडावी लागायची. ६४ नंतर बाकी सगळं बदललं पण ही सेफ्टी टिकली.

घरासाठी मात्र एकच उपाय. मधल्या पोझिशनला बोल्ट उघडा, रिसीव्हरच्या डाव्या बाजूला मागे एक छोटी कळ आहे ती दाबा, बोल्ट सरळ मागे ओढा, हातात येतो. बोल्टशिवाय रायफल म्हणजे लाकडाला जोडलेला पाइप. बोल्ट वेगळ्या कुलपात, रायफल वेगळ्या कपाटात, काडतुसं तिसरीकडे, आणि किल्ली कुठे असते ते मुलाला कधीच दिसता कामा नये. सात वर्षांच्या मुलांना आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट माहिती असते.

आणि मिस्टरांना हेही विचारा की हरणासाठी घेतली का? कारण न्यू जर्सीत हरणांवर अशी रायफल चालतच नाही, शॉटगन नाहीतर मझललोडर (तोंडातून ठासायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. त्यांना सीमा ओलांडून आमच्याकडे पेनसिल्वेनियात यावं लागेल. या म्हणावं, पण इथे रायफलच्या सीझनला डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी घालावंच लागतं, काळं जॅकेट घालून रुबाबात हिंडता येणार नाही.

प्रश्न (पुणे): एका मराठी मासिकाने शिकारीचं एवढं कौतुक करावं याचं वाईट वाटलं. भारतात बंदी आहे ते विसरलात का?

उत्तर: विसरलो नाही. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि तिथे ती बंदच राहायला हवी, आपल्या जंगलांत उरलंय काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथलं, अमेरिकेतलं गणित वेगळं आहे. हरणं एवढी आहेत की आमच्या गल्लीत संध्याकाळी गाडी हळू चालवावी लागते, आणि १९३७ च्या एका कायद्याने प्रत्येक नव्या रायफलीवर आणि काडतुसांच्या डब्यावर ११ टक्के कर लागतो जो वन्यजीवांच्या कामालाच जातो. तुम्हाला तरीही पटणार नाही, माझ्या सख्ख्या बहिणीलाही पटत नाही. तिच्याकडे गेलो की मी वरणभात खातो आणि गप्प बसतो.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या आजोबांच्या लायसनवर एक .३१५ रायफल आहे, ऑर्डनन्स फॅक्टरीची. तीही बोल्टचीच. ती आणि मॉडेल ७० एकाच घराण्यातल्या का? आजोबा गेल्या महिन्यात वारले, रायफल घरीच आहे.

उत्तर: आजोबांबद्दल वाईट वाटलं. आधी शेवटच्या वाक्याचं बोलतो कारण ते तातडीचं आहे: लायसनधारक गेल्यावर रायफल घरात ठेवायची नसते. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करा, पावती घ्या, आणि वारस म्हणून लायसनसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. एक महिना झाला म्हणताय, तर उद्याच जा.

आता घराणं. नाही, चुलत घराणंही लांबचंच. .३१५ चा बोल्ट आहे ली-एनफिल्डचा, म्हणजे ब्रिटिशांच्या .३०३ चा वंश. लष्कराचं काडतूस सामान्य माणसाच्या हाती नको म्हणून .३०३ ला बंदी, आणि शिकाऱ्यांसाठी त्याच साच्यात .३१५ आली. मॉडेल ७० ही माउझरची लेक. फरक तुम्हाला हाताला कळला असता: तुमच्या आजोबांच्या रायफलीत बोल्ट पुढे ढकलताना शेवटी स्प्रिंगचा जोर लागतो, कारण पिन बंद होताना ताणली जाते. मॉडेल ७० मध्ये बोल्टचा दांडा वर उचलताना ताणली जाते, मग पुढे ढकलणं हलकं. शिवाय एनफिल्डचे अडसर (गोळी सुटताना बोल्ट धरून ठेवणारे दात) बोल्टच्या मागच्या बाजूला, माउझरवाल्यांचे पुढे, काडतुसाच्या अगदी बुडाशी. मागचे अडसर असले की बोल्ट झपाझप चालतो, पुढचे असले की जास्त दाब सोसतो. त्यामुळे युद्धात भराभर गोळ्या झाडायला एनफिल्ड, आणि ताकदीच्या मॅग्नमला माउझर.

कोल्हापूरचं म्हणाल तर राधानगरी-दाजीपूरचं जंगल संस्थानाची शिकारीची जागा होती आणि १९५८ मध्ये तेच गव्यांचं अभयारण्य झालं. तुमच्या आजोबांच्या आठवणीत तिथल्या काही गोष्टी असतील तर घरच्यांनी लिहून ठेवा, रायफल जमा झाली तरी गोष्टी कुठे जमा कराव्या लागत नाहीत.

प्रश्न (मडगाव): नवीन मॉडेल ७० वर मेड इन पोर्तुगाल लिहिलेलं पाहिलं. विंचेस्टर अमेरिकन ना? डुप्लिकेट तर नाही?

उत्तर: पोर्तुगालचं नाव निघालं आणि गोव्याहून पत्र आलं नाही असं कसं होईल! डुप्लिकेट नाही. न्यू हेवनचा कारखाना ३१ मार्च २००६ ला बंद पडला. दीडशे वर्षांच्या आसपासचं नाव आणि शेवटी कुलूप, त्या दिवशी जुन्या शिकाऱ्यांचे चेहरे बघवत नव्हते. बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे ही रायफल होती, त्यांनी दोनेक वर्षांत दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियाला ती परत सुरू केली, पंजा ठेवूनच, आणि सोबत नवा एमओए नावाचा ट्रिगर दिला. पुढे २०१३ पासून जोडणी पोर्तुगालात व्हियानाला गेली, त्याच समूहाच्या ब्राउनिंगच्या कारखान्यात.

मी पोर्तुगालची एक फेदरवेट दोन आठवडे वापरली, मित्राची. खरं सांगायचं तर धातूचं काम न्यू हेवनच्या शेवटच्या वर्षांपेक्षा सरस वाटलं. बोल्ट सुरुवातीला जरा खरखरीत, ५०-६० वेळा मागेपुढे केल्यावर मऊ झाला. ट्रिगरवर मात्र लोकांची दोन तटं आहेत. जुना ट्रिगर उघडा, भाग मोजून तीन-चार, धूळ गेली तर खालून पडून जाते, चिखल झाला तर पाण्याने धुवा. नवा सुटतो फार छान, काच तुटल्यासारखा, पण बंद डबीत आहे. तुम्ही नांदेडच्या धुळीत शिकार करणार असाल (करू नका, वरचं पुण्याचं उत्तर वाचा) तर जुना बरा, रेंजवर नवा. नव्याच्या दस्त्याखालचा धातू हलका आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगतो की १९५२ च्या पहिल्या फेदरवेटमध्येही तिथे ॲल्युमिनियमच होतं, आणि तिच्यासाठी आज लोक रांग लावतात.

प्रश्न (मिनेसोटा): गेल्या सीझनला पहाटे उणे वीसला बोल्ट एवढा जड झाला की उघडेना, ट्रिगर दाबला तर नुसता 'टक' आवाज. १९५० च्या दशकातली रायफल आहे. बिघडली का?

उत्तर: बिघडली नसावी, आतलं ग्रीस गोठलं असेल. फायरिंग पिनभोवती कुणीतरी कधीकाळी भरपूर ग्रीस लावून ठेवलेलं असतं, थंडीत त्याची मेणबत्ती होते, पिन हळू जाते आणि काडतुसावर नुसता टिचका पडतो. बोल्ट काढून आतला पिनचा भाग फिरवून वेगळा करा, जमत नसेल तर गनस्मिथकडे द्या, जुनं सगळं धुऊन कोरडं पुसा, आणि थंडीत तिथे तेल लावायचंच असेल तर रुमालावर एक थेंब, रुमालाने पुसा, बस. आणि रायफल रात्री गरम खोलीत आणू नका, गार रायफल आत आणली की तिच्यात दव धरतं आणि सकाळी बाहेर नेली की ते गोठतं. गाडीतही ठेवू नका, चोरीला जाते. कुलूपबंद पेटी, थंड गॅरेजमध्ये, काडतुसं वेगळी.